गिटार ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) अनेकदा दोन चॅनेल असतात, घरच्या स्टिरिओ ॲम्पलाही दोनच. मग गिटार सरळ स्टिरिओलाच का लावू नये?

आकडा दोनच असला तरी आतली रचना अगदी वेगळी असते. कुठलाही ॲम्प समोर आला की मी आधी एवढंच बघतो: सिग्नलची वाट कुठे फुटते आणि पुन्हा कुठे एक होते. ते समजलं की निम्मी बटणं आपोआप कळतात.

तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. प्रीॲम्प तो वाढवतो, त्याचा टोन घडवतो. पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. स्टिरिओ ॲम्पमध्ये डावा आणि उजवा सिग्नल सुरुवातीपासून वेगळे असतात आणि थेट आपापल्या स्पीकरपर्यंत वेगळेच जातात. दोन्ही एकाच वेळी चालू, आणि वाटेत एकमेकांत मिसळले तर तो दोष.

आजच्या बहुतेक गिटार ॲम्पमध्ये मात्र वाट फक्त प्रीॲम्पपुरती फुटते. एक फाटा क्लीन (स्वच्छ आवाजाचा), दुसरा ओव्हरड्राइव्ह (फाटलेल्या आवाजाचा). पुढे पॉवर ॲम्प एकच, स्पीकरही तोच, आणि एका वेळी एकच फाटा चालू. हे कशासाठी, तर गेन आणि व्हॉल्यूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. गेन म्हणजे प्रीॲम्पमध्ये सिग्नल किती वाढवायचा; तो वाढवला की प्रीॲम्पवर ताण येतो, सिग्नलची टोकं कापली जातात आणि आवाज फाटायला लागतो. तो फाटलेला आवाज किती मोठा ऐकू यावा हे पुढचा व्हॉल्यूम ठरवतो. गाणं चालू असताना दोन्ही बटणं फिरवायला हात मोकळे नसतात. दोन चॅनेलवर दोन जोड्या आधीच लावून ठेवल्या की सोलोच्या वेळी फूटस्विचवर पाय दिला की झालं.

जुन्या ॲम्पमध्ये हे असं नव्हतं. १९६० च्या दशकातल्या फेंडर ट्विन रिव्हर्बचे नॉर्मल आणि व्हायब्रेटो हे दोन्ही चॅनेल क्लीनच. दुसऱ्याला रिव्हर्ब (आवाज घुमवणारा) आणि ट्रेमोलो (आवाज लहानमोठा थरथरवणारा) हे इफेक्ट जास्तीचे. दोन्ही कायम चालू असतात, गिटार कुठल्या इनपुटला लावली यावर सगळं ठरतं. चार इनपुटच्या जुन्या मार्शल ॲम्पवर लोक छोट्या केबलने दोन्ही चॅनेल जोडतात आणि एकाचा तिखट, दुसऱ्याचा जाड आवाज हवा तसा मिसळतात. मला ही युक्ती फार आवडते.

रोलंडचा १९७५ चा जेसी-१२० बघितला तर दोन्ही प्रकार एकाच पेटीत सापडतात. समोर दोन चॅनेल, एक साधा आणि एक इफेक्टवाला. शिवाय आत ६० वॅटचे दोन पॉवर ॲम्प आणि १२ इंची दोन स्पीकर. कोरस (अनेक वाद्यं एकत्र वाजल्याचा भास देणारा इफेक्ट) लावला की एका स्पीकरमधून मूळ आवाज येतो, दुसऱ्यातून सूर किंचित हलणारा, आणि दोघांची भेट हवेत होते. हा ॲम्प सॉलिड स्टेट आहे, म्हणजे काचेच्या ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा. ट्यूबशिवाय चांगला आवाज निघत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला हा ऐकवावा.

आता स्टिरिओचं. गिटारच्या पिकअपला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं (ओहम म्हणजे विद्युत विरोधाचं माप). स्टिरिओचं लाइन इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतं, त्यामुळे वरचा तजेला जातो आणि आवाज मळकट होतो. दुसरं, गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो, म्हणून डिस्टॉर्शन (तो फाटलेला आवाज) कानाला गोल लागतं. स्टिरिओचा स्पीकर वरचं सगळं इमानाने ऐकवतो आणि तेच डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं येतं. हाताशी कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार स्पीकरच्या आवाजाची नक्कल) असलेला मल्टिइफेक्ट, म्हणजे अनेक इफेक्ट असलेली पेटी, असेल तर मात्र खुशाल स्टिरिओला लावा, आवाज छान येतो.

प्रकारांबद्दल थोडक्यात. ट्यूब ॲम्प बोटांच्या जोराला सुंदर प्रतिसाद देतो, पण वजनदार असतो, ट्यूब झिजतात, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नका; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड स्टेटला ती भीती नाही, मात्र मागे लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमी ओहमचा स्पीकर त्याला लावायचा नाही. क्लास डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणारा ॲम्प) हलका आणि कमी तापणारा. त्यातल्या ‘डी’चा डिजिटलशी संबंध नाही. इतर ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या मॉडेलिंग ॲम्पमध्ये चॅनेल म्हणजे बहुधा साठवून ठेवलेलं सेटिंग.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. ५० चे १०० वॅट केले तर फरक ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. ट्यूबचे ५ वॅटसुद्धा पूर्ण उघडले तर खोलीत कान दुखवतात.

ॲम्प निवडताना क्लीन चॅनेल आधी ऐका. डिस्टॉर्शन पुढे पेडलने आणता येतं, कोरडा क्लीन कशानेच सुधारत नाही. मग दोन्ही चॅनेलना टोनची बटणं वेगळी आहेत की सामाईक ते बघा, आणि फूटस्विच सोबत मिळतो का तेही विचारा.