टीकिंटरमध्ये (पायथनमधून खिडक्या बनवायचं साधन) लेबलला, म्हणजे मजकूर किंवा चित्र दाखवणाऱ्या घटकाला, पॅडएक्स (डाव्या-उजव्या बाजूची मोकळी जागा) देऊनही चित्र जागचं हलत नाही. काय करावं?

आधी एक सांगतो: चित्राच्या फाइललाच पांढरी किनार जोडून वेळ मारून नेऊ नका. तुमचा पॅडएक्स चुकीच्या जागी आहे. लेबल तयार करताना दिलेला पॅडएक्स मजकुरासाठी असतो. लेबलात नुसतं चित्र असेल तर टीके (टीकिंटरच्या मागे काम करणारी मूळ प्रणाली) तिकडे बघतही नाही, एररसुद्धा देत नाही. लेबल खिडकीत बसवणाऱ्या ग्रिड किंवा पॅक या आज्ञेच्या कंसात तोच आकडा द्या.

मला हे एका पतसंस्थेच्या कामात कळलं. खातेक्रमांक टाकला की सभासदाचा फोटो आणि सहीचा नमुना शेजारी शेजारी यायचा, काउंटरवरच्या मॅडम स्लिपवरची सही त्याच्याशी ताडून बघायच्या. दोन्ही चित्रं एकमेकांना चिकटत होती. मी लेबलला पॅडएक्स 5 दिला, 50 दिला, काही फरक नाही. आमचे सीनियर म्हणाले, "त्यात वेळ घालवू नकोस, सगळ्या फोटोंना 20 पिक्सेलची पांढरी किनार मार." मी पिलोवर (पायथनची चित्रं हाताळायची लायब्ररी) स्क्रिप्ट लिहून मूळ फायलीच बदलल्या. महिन्याभरात संस्थेनं खिडकीला फिकट हिरवा रंग मागितला आणि प्रत्येक फोटोभोवती पांढरी चौकट उठून दिसू लागली. तेच फोटो पासबुकावर छापले जायचे, तिथे चेहरे बारीक झाले. सभासदांची बोलणी मॅडमनी खाल्ली, सीनियरनी नाही. बॅकअपवरून मूळ फोटो परत आणण्यात माझे शनिवार-रविवार गेले. कोडमधली दुरुस्ती एका ओळीची निघाली: फोटोच्या ग्रिडमध्ये पॅडएक्स=(0, 20).

यातला पहिला आकडा डावीकडचा, दुसरा उजवीकडचा. ही जोडी ग्रिड-पॅकलाच चालते, लेबलला दिली तर एरर येते. आयपॅडएक्स (आतल्या बाजूची जागा) वापरलात तर लेबलच रुंद होईल आणि चित्र मधोमध राहील. लेबल ग्रिडच्या खान्यात वर डाव्या कोपऱ्यात हवं असेल तर ग्रिडला स्टिकी='एनडब्ल्यू' (वायव्य कोपरा) द्या. प्लेस या तिसऱ्या आज्ञेनं एक्स-वाय मोजून बसवू नका. कुणी फाँट मोठा केला की नाव फोटोवर चढतं.

सीनियरचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. फोटो हा सभासदाचा रेकॉर्ड आहे. आपल्या खिडकीत जागा हवी म्हणून रेकॉर्डला हात लावायचा नाही. टूलबारचे आयकॉन मात्र वेगळे, ते एकाच मापात बसावेत म्हणून पीएनजीत पारदर्शक कडा ठेवायला माझी हरकत नाही.

आणि फंक्शनच्या आत फोटोइमेज (चित्र धरणारी टीकिंटरची वस्तू) बनवत असाल तर लेबल.इमेज = फोटो असं धरून ठेवा, नाहीतर फंक्शन संपताच चित्र गायब होईल आणि तुम्ही पुन्हा पॅडिंगलाच दोष देत बसाल.