पृथ्वीच्या पोटात लाव्हा भरलेला असतो, तर तो ज्वालामुखीतून वाहून संपून का जात नाही? आणि शांत ज्वालामुखी अचानक का फुटतो?

कारण तो भरलेला नसतोच. पायाखाली लाव्हारसाचा समुद्र उसळतो आहे आणि भूकवचाला भेग पडली की तो वर येतो, हे चित्र साफ चूक आहे. ते डोक्यातून गेल्याशिवाय ज्वालामुखी कळत नाही.

नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी पृथ्वीच्या अंतरंगाचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधीच्या सुट्टीत मामाने मला मुठीएवढा काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला दगड, दिला होता. तो भूशास्त्र शिकलेला. दगडाच्या एका बाजूला बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या दाण्यांचा खडा रुतून बसला होता. मामा म्हणाला, "हा हिरवा तुकडा प्रावरणाचा. शिलारसाने वर येताना वाटेतल्या खडकातून तोडून आणलाय." प्रावरण म्हणजे भूकवचाखालचा जाड थर, आणि शिलारस म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक; तोच बाहेर आला की लाव्हा. तोडून आणायचा तर तिथे खडक हवा, एवढं मला कळलं. मी तक्त्यावर प्रावरण हिरवं रंगवलं आणि आत ठळक अक्षरांत 'घन' लिहिलं.

बाईंनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "पृथ्वीच्या पोटात आग असते, शेवाळ नाही." मी दगड पुढे केला, तो त्यांनी न बघताच टेबलावर ठेवून दिला. मग मी भूकंपलहरींचं सांगितलं. त्यांतल्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून मात्र त्या आरपार जातात आणि सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर, प्रावरणाखालच्या बाह्य गाभ्याशी अडतात. म्हणजे द्रवाचा मोठा साठा आहे तो तिथे, आणि तोही मुख्यतः वितळलेल्या लोखंडाचा. तो ज्वालामुखीतून बाहेर येत नाही. दुय्यम लहरींचं वाक्य आमच्याच पुस्तकात होतं. बाई म्हणाल्या, "मुलांना सोपं करून सांगायचं असतं." मग वर्गातल्या एका मुलाने माझ्यादेखत सगळ्या प्रावरणावर लाल रंगाचा हात फिरवला. सोपं करणं मला मान्य आहे. हे सोपं केलेलं नव्हतं, चुकीचं होतं, आणि त्याच तक्त्यापुढे उभं राहून परीक्षकांना माहिती मलाच द्यावी लागली.

तर शिलारस येतो त्या घन खडकातूनच. प्रावरणाचा खडक भयंकर तापलेला असतो, पण वरच्या दाबामुळे वितळत नाही. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कवचाचे सरकणारे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर जातात तिथे तो सावकाश वर सरकतो, दाब उतरतो, आणि उष्णता वाढलेली नसतानाही त्यातला थोडा अंश वितळतो. अटलांटिकच्या तळावरची पर्वतरांग अशीच घडते. हवाईखालीही दाबच उतरतो, फक्त तिथे खोलातून वर येणारा खडक आजूबाजूपेक्षा जास्त तापलेला असतो. जपान, इंडोनेशिया किंवा अँडीजमध्ये मात्र काम पाण्याचं. समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली जाताना खनिजांत अडकलेलं पाणी खाली नेतो. ते वरच्या प्रावरणात झिरपलं की खडक कमी तापमानाला वितळू लागतो. थंड तळ आत शिरतो आणि त्याच्यामुळे वरचा खडक वितळतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

वितळतो तो खडकाचा छोटा हिस्सा, दाण्यांच्या मधल्या फटींत. तो सभोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो आणि भूकवचात साठतो. संपत नाही तो यामुळे. सतत नवा तयार होत असतो, आणि जिथे तयार व्हायचा थांबतो तिथला ज्वालामुखी मरतो. हवाईच्या वायव्येकडे गेलेली बेटांची रांग म्हणजे असे मेलेले ज्वालामुखीच आहेत. भूपट्ट सरकला आणि त्यांचा पुरवठा तुटला.

फुटण्याबद्दल थोडक्यात. शिलारसात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतात. दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे फुगतात. सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, कमी असेल तर रस पातळ, वायू निसटतात, आणि हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीसारखा लाव्हा वाहतो. सिलिका जास्त असेल तर चिकट रसात वायू कोंडतात. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या पोटात मार्च १९८० पासून असा रस चढत होता, उत्तरेची बाजू रोज दीड-दोन मीटर फुगत होती. १८ मे रोजी ५.१ तीव्रतेच्या भूकंपाने तीच बाजू ढासळली. वरचं ओझं एकदम उतरलं आणि स्फोट आडवा, कडेने झाला. ५७ माणसं गेली, डोंगराची उंची सुमारे ४०० मीटरने घटली. त्याला अचानक म्हणायचं का? जमीन दोन महिने हादरत आणि फुगत होती.

तुम्ही कुठे शिकवत असाल, तर मुलाने चित्र वेगळं काढलं म्हणून ते पुसण्याआधी त्याला का ते विचारा, आणि हातात दगड असेल तर तो बघा.

एक राहिलं. दगडातले ते हिरवे दाणे ऑलिव्हिन या खनिजाचे. ते साधारण ४१० किलोमीटरपर्यंतच टिकतं, त्याखाली त्याची रचना बदलते. तेव्हा माझा सगळा हिरवा पट्टाही बरोबर नव्हता. शिवाय हजाराच्या वर अंश सेल्सिअसला तापलेला घन खडक डोळ्यांना लालभडकच दिसेल. म्हणून प्रावरण लाल रंगवायला माझी हरकत नाही. आत 'घन' तेवढं लिहा. माझ्या तक्त्यावर ते लिहिलेलं होतं, तेही लाल रंगाखाली गेलं.