नवीन प्लॉटवर हराळी नि लव्हाळा माजलाय, भाजीपाला कसा लावू?

आधी रोटाव्हेटर फिरवू नका. हराळीच्या तुटक्या पेरातूनही नवा कोंब फुटतो, म्हणजे एकाच्या दहा होतात. सगळ्या प्लॉटच्या मागे न लागता एकच वाफा घ्या. कुदळीने खोदून हराळीच्या पांढऱ्या काश्या (जमिनीखालची मुळांसारखी खोडं) हाताने वेचा, उन्हात कडकडीत वाळवा. ओल्या काश्या कंपोस्टमध्ये अजिबात नकोत. लव्हाळा उपटला तरी गाठ खालीच राहते. दिसला की काढत राहायचं, एकदा काढून भागत नाही. गाजरगवत मात्र सोपं: फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून उपटा. उरलेल्या जागेवर पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळा टाका.

पहिल्या वर्षी मेथी-कोथिंबीर नको, निंदता निंदता जीव जाईल. वांगी-टोमॅटोची रोपं लावा, कडेला लाल भोपळा सोडा. त्याची पानं जमीन झाकतात.