वाटाण्याएवढा की चेंडूएवढा?

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात रात्री आकाशात ताटाएवढा लालसर दिवा दिसला. दहा मिनिटं डुलत होता, मग दिसेनासा झाला. अमेरिकेचं हवाई दल एकेकाळी अशा गोष्टींची चौकशी करत असे म्हणतात. ते साक्षीदाराला काय विचारत? आणि उलगडा न झालेली प्रकरणं त्यांनी दडपली का?

उत्तर : चौकशी होत असे, आणि चांगली सतरा वर्षं चालली. १९५२ ते १९६९ या काळात तिचं नाव होतं ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’, मुख्यालय ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर. जवळच्या तळावरचा अधिकारी पहिली विचारपूस करी आणि कागद ओहायोला जात. तिथे माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मला आवडतो तो त्यांचा फॉर्म. काचेतून पाहिलंत का? चष्मा होता का? वस्तू थांबली, लुकलुकली की तिचे तुकडे झाले? क्षितिजापासून डोक्यापर्यंत कमान काढलेली असे. तिच्यावर वस्तू कुठे दिसली आणि कुठे नाहीशी झाली, ते दाखवायचं. आणि एक खास प्रश्न : हात लांब करून धरलेल्या कोणत्या वस्तूएवढी दिसली? टाचणीचं डोकं, वाटाणा, नाणी, अशी यादी चढत चढत बास्केटबॉलपर्यंत जाई.

हा प्रश्न फार पोचलेल्या माणसाने काढला असणार. आकाश दाखवायला बसले की मी लोकांना विचारते, पौर्णिमेचा चंद्र केवढा? आमच्या यजमानांसकट सगळे ताट, निदान वाटी तरी म्हणतात. मग हातात वाटाणा देते. हात ताणून, एक डोळा मिटून धरला की अख्खा चंद्र त्यामागे गडप होतो! तुमचा दिवा खरोखर ताटाएवढा असता, तर चंद्राच्या कितीतरी पट मोठा दिसला असता आणि तुम्ही एकट्यानेच पाहिला नसता. डुलण्याचंही तसंच. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की स्थिर तारासुद्धा हलू लागतो. हलत असतात ते आपले डोळे.

माहिती आली की ती विमानं, हवामानाचे फुगे, ग्रह, उल्का यांच्याशी ताडून बघत. सल्लागार होते खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दिव्यांबाबत त्यांनी ‘दलदलीतला वायू’ असं सुचवलं आणि देशभर हसं झालं. पुढे या चौकशीच्या पद्धतीवर सर्वांत बोचरी टीका त्यांनीच केली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दडपण्याबद्दल म्हणाल, तर एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ ‘अनोळखी’ राहिल्या, आणि हा आकडा हवाई दलानेच जाहीर केला. साक्षीदारांची नावं झाकून फायली पुढे सर्वांना खुल्या झाल्या. हवाई दलाला मुख्यतः हवं होतं ते एवढंच : देशाला धोका आहे का? नाही म्हटल्यावर त्यांची उत्सुकता ओसरे, आणि साक्षीदाराला वाटे, आपल्याला वाटेला लावलं.

‘अनोळखी’हून वेगळा आणखी एक कप्पा होता, ‘अपुरी माहिती’. तुमच्या पत्रात ना तारीख, ना दिशा, ना वेळ. तुम्ही थेट त्यातच गेला असता. त्याच जागी उभं राहून तो दिवा कोणत्या झाडाच्या किंवा छपराच्या वर होता ते आठवा, हाती वाटाणा घ्या, आणि पुन्हा लिहा.