नाक बदलल्यावर काय काय करणार?

“मॅडम, नाकाचं ऑपरेशन करून घेऊ का?” हा प्रश्न समुपदेशन करताना आता दर महिन्याला एकदा तरी समोर येतो. विचारणाऱ्या फक्त कॉलेजातल्या मुली नसतात, चाळिशीतले पुरुषही असतात. बहुतेकांना माझ्याकडून दोनपैकी एक वाक्य ऐकायचं असतं: “कर” किंवा “अगं, आहे तेच छान आहे”. दुसरं वाक्य मी कधीच उच्चारत नाही. ज्याला आपलं नाक रोज डाचतंय, त्याला ‘छान आहे’ सांगणं म्हणजे त्याचं बोलणं मध्येच तोडणं.

जिच्यामुळे या प्रश्नाकडे कसं बघायचं हे मला नीट उमगलं, तिची ही गोष्ट. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय सव्वीस. बोलायला चटपटीत. पहिल्याच भेटीत माझ्या लक्षात आलं, की ही मान वळवत नाही. पाण्याचा ग्लास उजवीकडे होता, तर तो घ्यायलासुद्धा ती खुर्चीवर अख्खी वळली. चेहरा कायम माझ्या समोर.

“नाकावर उंचवटा आहे, बाजूने दिसतो,” ती म्हणाली. “आणि समोरून नाक फुगीर दिसतं.”

“हे पहिल्यांदा कधी कळलं?”

“आठवीत. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, नकटी परवडली गं, पण हे असलं नाक कुठे ठेवायचं?”

मोबाइलमध्ये तिने स्वतःचे ढीगभर फोटो जपले होते. सगळे हात लांब करून काढलेले. मी तिचा मोबाइल कपाटाच्या फळीवर टेकवला, टायमर लावला आणि तिला पाच फूट मागे उभं केलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. जवळून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याला सगळ्यांत जवळ असतं ते नाक, म्हणून ते मोठं दिसतं. एक फुटावरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, असं २०१८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं होतं. तिचा उंचवटा खरा होता. फुगीरपणा मात्र कॅमेऱ्याचा होता. निम्मी तक्रार अशी पहिल्याच तासात गळाली. सर्जनकडे जाण्याआधी प्रत्येकाने हे एकदा करून बघावं, असं मला कळकळीने वाटतं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, दिवसातला किती वेळ नाकात जातो? हा प्रश्न मी कुणालाच चुकवू देत नाही. काहींच्या बाबतीत इतरांना जेमतेम जाणवणारा दोष तासन् तास छळतो. सारखं आरशात बघणं, चेहरा झाकणं, घराबाहेर न पडणं. हा बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा आजार आहे. इटलीतले मनोविकारतज्ज्ञ मोर्सेली यांनी १८९१मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. अशा माणसाचं ऑपरेशन उत्तम झालं तरी समाधान सहसा होत नाही, खुपणं नुसतं जागा बदलतं. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. हिचं तसं नव्हतं. नोकरी, मैत्रिणी, झोप, सगळं जागच्या जागी होतं.

मग मी तिला घरचा अभ्यास दिला: नाक मनासारखं झाल्यावर काय काय करणार, ते लिहून आण. तिने सात गोष्टी आणल्या. ऑफिसात सादरीकरण करणं. पोहायला जाणं. बसमध्ये खिडकीशी बसणं, जे ती टाळायची, कारण शेजारच्याला बाजूचा चेहरा दिसतो. आत्याकडे जाणं. अशा सात.

मी कागद तिच्याकडे सरकवला. “यातलं कोणतं काम नाकाने करायचं आहे?”

ती हसली, मग हसता हसता गप्प झाली.

“तसं एकही नाही. पण नाक नीट झाल्याशिवाय मी हे करूच शकत नाही.”

“हेच वाक्य पुन्हा म्हण. फक्त त्यातला ‘च’ काढून.”

“नाक नीट झाल्याशिवाय मी हे करू... शकत नाही?” आवाज शेवटी वर गेला. तिचं वाक्य तिच्याच तोंडात प्रश्न झालं होतं.

त्या क्षणी मी काहीही बोलले नाही, आणि ते मला जमलं याचा आनंद मला आजही आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की माणसाला इच्छा छळत नाही, इच्छेचा हट्ट झाला की तो छळतो. मराठीत हा सगळा फरक एका अक्षरात मावतो. ‘नाक सुबक झालं तर आवडेल’ ही इच्छा. ‘झालंच पाहिजे’ हा हट्ट. आणि सर्जनच्या हत्याराने ‘च’ निघत नाही, तो घेऊन टेबलावर गेलेला माणूस तो घेऊनच घरी येतो.

पुढच्या दोन महिन्यांत तिने यादीतल्या तीन गोष्टी आहे त्याच नाकाने केल्या. सादरीकरणाच्या वेळी पडद्याकडे वळावं लागतं, म्हणजे बाजूचा चेहरा वीस जणांना दिसतो. नंतर कुणीतरी येऊन तिला विचारलं, तिसऱ्या तक्त्यातले आकडे कुठून घेतले? हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती. मान पूर्ण वळवून. तो उंचवटा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

“पण मॅडम, मला ऑपरेशन अजूनही करावंसं वाटतं,” ती म्हणाली.

“मग आता जा,” मी म्हटलं. आत्याचं तोंड बंद करायला नाही, स्वतःच्या आवडीसाठी ती निघाली होती. ते तिचं शरीर आहे आणि अशी आवड असण्यात कमीपणा काही नाही. उलट नुकतंच नातं तुटलंय, घरात दुःख आहे किंवा जोडीदार मागे लागलाय, अशा वेळी मी थांबायलाच सांगते. अल्पवयीनांनीही थांबावं. नाकाची वाढ मुलींमध्ये साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १६-१७ वर्षांपर्यंत चालते.

सर्जनला काय विचारायचं ते आम्ही दोघींनी बसून काढलं. हा डॉक्टर या शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेला प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे ना? अशी ऑपरेशनं नेहमी करतो का? माझ्या नाकाच्या बाबतीत काय होऊ शकणार नाही? मला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘सगळं होईल’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून यावं. संगणकावर दाखवतात ते चित्र अंदाज असतो, हमी नसते. आणि श्वासाचं काय? नाक आधी श्वासासाठी आहे, मग चेहऱ्यासाठी. आतला पडदा वाकडा असेल तर तो त्याच वेळी सरळ करता येतो, पण आकार लहान करण्याच्या नादात श्वास अडला तर ते दुखणं कायमचं मागे लागू शकतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजू सारख्या न होणं, भुलीचे धोके हेही स्पष्ट विचारायचं. काहींना पुन्हा ऑपरेशन लागतं, आणि त्यासाठी सहसा वर्षभर तरी थांबावं लागतं. आपण घेत असलेली सगळी औषधं, अगदी ॲस्पिरिन आणि काढेसुद्धा, डॉक्टरांना सांगायची. सिगारेट असेल तर ती आधीपासून बंद, कारण तिच्यामुळे जखम उशिरा भरते.

एवढी तयारी असूनही ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आलाच. “शेंडा जाड दिसतोय. बिघडलं वाटतं.”

हा फोन येणार हे मला माहीत होतं. नाकावरची पट्टी साधारण आठवड्याने निघते, डोळ्यांखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत ओसरतं, आणि माणसाला वाटतं की आता दिसतंय तेच नाक. तसं नसतं. सूज हळूहळू उतरते, शेंड्याची सगळ्यांत शेवटी. अंतिम आकार यायला वर्ष लागतं, त्वचा जाड असेल तर जास्तच.

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“हो. ते म्हणाले, ठीक आहे, वाट बघ.”

“मग तू काय म्हणतेस?”

थोडा वेळ शांतता. “लवकर उतरली तर आवडेल,” ती म्हणाली, आणि हसली. “मॅडम, ‘च’ नाही लावला हं.”

आता आठवा महिना चालू आहे. यादीतलं पोहणं तिने डॉक्टरांना विचारून सुरू केलं आहे. आत्याकडे ती अजून गेलेली नाही, आणि ती म्हणते, जायचं की नाही हे ती नाकाशी न जोडता ठरवणार आहे.