भरतीची वेळ आधी बघा

प्रश्न : आजवर मी तळ्याकाठीच पक्षी पाहिले. यंदा मार्चमध्ये एक अख्खा दिवस समुद्रकिनारी घालवायचा आहे. पहाटेच पोचावं का? शिवाय तिथले सगळे छोटे पक्षी मला करडे आणि एकसारखेच दिसतात. ते ओळखायचे कसे?

उत्तर : पहाटेचा आग्रह नको. रानात दिवसाची वेळ सूर्य ठरवतो, चिखलाच्या किनाऱ्यावर ती पाणी ठरवतं. पूर्ण ओहोटीला चिखल इतका दूरवर उघडा पडतो की दुर्बिणीतूनही पक्ष्यांचे नुसते ठिपके दिसतात. म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी, ऊन पाठीशी येईल अशी जागा धरून बसा. पाणी चढतं तशी चरायची जागा आक्रसत जाते आणि पक्षी आपणहून तुमच्याकडे सरकतात. भरती पुरी झाली की ते एखाद्या उंचवट्यावर दाटीनं विसावतात, बरेचसे एका पायावर. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. मागच्या आठवड्याची वेळ धरून निघू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी झपाट्यानं चढतं. चिखलात उतरायचं नाही, हे तर कधीच विसरू नका.

आता ओळखण्याचं. सुरुवातीला रंग बाजूला ठेवा आणि पक्षी खातो कसा ते बघा. चिखल्या दुडक्या चालीनं धावतो, थबकतो, बघतो आणि टिपतो. मोठे डोळे आणि आखूड चोच, कारण त्याची शिकार नजरेवर चालते. तुतवाराच्या कुळातले बरेच पक्षी चालता चालता चिखलात चोच खुपसत राहतात; त्यांना चोचीच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म स्पर्शेंद्रियांनी आतला किडा कळतो. लांब आणि जवळजवळ सरळ चोच दिसली तर पाणटिवळा, खाली वाकलेली खूप लांब चोच दिसली तर कोरल. एवढं जमलं की पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं.

आणि मार्चमध्ये तो करडेपणा उतरायला लागलेला असतो. मला हा महिना त्याचसाठी फार आवडतो. हिवाळी पिसं गळून विणीची येत असतात, त्यामुळे एकाच थव्यात एक पाणटिवळा अजून फिका, तर शेजारच्याची मान विटकरी झालेली. करड्या चिखल्याच्या पांढऱ्या पोटावर काळे डाग उमटू लागतात. चित्रांच्या पुस्तकात असा अर्धामुर्धा पक्षी सहसा नसतो, तेव्हा जुळत नाही म्हणून हिरमुसू नका.

एक मात्र मी अगदी कळकळीनं सांगते : फोटोसाठी थवा उडवू नका. हे पक्षी उत्तरेकडच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. २००७ साली उपग्रह-ट्रान्समीटर लावलेली, ई-७ नावानं ओळखली गेलेली पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याची मादी मार्चमध्ये न्यूझीलंडहून निघाली आणि १० हजार किलोमीटरहून अधिक अंतर न थांबता कापून चीनच्या पीत समुद्राच्या किनाऱ्यावर उतरली. वाटेत खाणं नाही, पाण्यावर उतरून विसावणं नाही. सगळी मदार त्या चरबीवर. अशा उड्डाणाआधी पाणटिवळ्याची पचनेंद्रियंसुद्धा आक्रसतात, वजन कमी व्हावं म्हणून. आपण हौसेनं पुढे टाकलेल्या चार पावलांनी थवा उठतो, घिरट्या घालतो, आणि कमावलेली चरबी तिथेच जळते. पक्षी चरायचे थांबून माना उंच करू लागले, की तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि सावकाश मागे या.

प्रश्न : कुरव आणि सुरय उडताना कसे वेगळे ओळखावेत?

उत्तर : सुरय सडपातळ, पंख अरुंद आणि टोकदार, शेपटी बहुधा दुभंगलेली. चोच खाली रोखून तो पाण्यावरून फिरतो, आणि बऱ्याच जाती मासा दिसताच सूर मारतात. कुरव अंगानं भरदार, पंख रुंद. तो पाण्यावर तरंगत बसतो, किनाऱ्यावर चालत फिरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाबाबत मार्चमध्ये जरा सांभाळा. डोळ्यामागे नुसता गडद ठिपका असलेले आणि डोकं पूर्ण चॉकलेटी झालेले पक्षी तेव्हा शेजारी शेजारी बसलेले असतात. जात एकच आहे, वहीत दोन लिहू नका.