तळ्याचा बर्फ इतक्या लांब?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकतो. परवा फोनवर म्हणाला, 'आई, आज इथे मिशिगन सरोवराचा बर्फ पडला.' नकाशात पाहिलं तर सरोवर शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला. बर्फ इतका लांब येतो कसा? त्याला गाडीने इंडियानापोलिसला जायचं होतं, म्हणून जीव टांगणीला लागला.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय. मी कित्येक वर्षं त्याच राज्यात, सरोवराजवळच्या साउथ बेंडला राहिले. तिथे हा बर्फ नेहमीचाच, पण पर्ड्यूपर्यंत तो क्वचितच पोचतो.

हिवाळ्याच्या सुरुवातीला कॅनडाकडून गोठलेली हवा येते, पण सरोवरात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात साधारण 13 अंशांचा फरक पडला, की पाण्यालगतची हवा ऊब आणि बाष्प घेऊन वर चढते, ढग होतात. वारा बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा. तो सरोवराची रुंदी ओलांडतो, ती जास्तीत जास्त 190 किलोमीटर. वारा थेट उत्तरेचा झाला, तर मात्र त्याला सरोवराची सगळी लांबी मिळते, जवळपास 500 किलोमीटर! मग विखुरलेल्या ढगांऐवजी एकच दाट, अरुंद पट्टा तयार होतो. वारा जोराचा असला आणि वर-खाली एकाच दिशेचा राहिला, तर किनारा सोडल्यावरही तो पट्टा मोडत नाही. पर्ड्यूच्या शेजारचं लाफायेत, कधी इंडियानापोलिसही त्याच्या वाटेत येतं. मिशिगनसारख्या तिथल्या मोठ्या सरोवरांचं बाष्प तर थेट नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांपर्यंत जातं. आपल्याकडे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, तसं ते तिथल्या ॲपलेशियन पर्वतरांगेच्या वायव्य उतारांवर अडून बर्फ होऊन पडतं.

आता तुमच्या काळजीचं. ती रास्तच आहे. पट्ट्याबाहेर लख्ख ऊन, कोरडा रस्ता. आत शिरलं की काही क्षणांत पुढची गाडी दिसेनाशी होते. लाफायेतहून इंडियानापोलिसला जाणाऱ्या महामार्ग 65 वर मला याचीच सर्वात धास्ती वाटायची. शिवाय हे ढग बुटके असतात. रडारचा झोत दूरवर जाताना उंच होत जातो आणि त्यांच्या डोक्यावरून निघून जातो, त्यामुळे फोनवरचा नकाशा कोरा दिसला तरी विसंबू नये. मुलाला सांगा, उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी निघण्याआधी वाहतूक खात्याच्या कॅमेऱ्यांवर रस्ता बघ. बर्फात सापडलाच तर दिवे लावायचे, करकचून ब्रेक मारायचा नाही. कडेला थांबणं धोक्याचं, मागून ट्रक येतात. हळूहळू पुढच्या फाट्याला बाहेर पडायचं आणि पेट्रोलपंपावर थांबायचं.